लगाम खेचून काय होणार?

उधळलेला घोडा दिसला की जो तो ओरडतो, "लगाम खेच!" माझे मत अगदी उलट आहे. माझे वडील माथेरानला पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात. गेल्या मे महिन्यात एका पाहुण्याने घाबरून लगाम घट्ट ओढून धरला, तशी आमची राणी अधिकच सुटली. वडील "सैल सोडा!" म्हणून ओरडले, तेव्हा कुठे ती आवरली.

मग क्रॉस-कंट्रीच्या स्वाराचे काय होत असेल? (१९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजादा घोड्यावर इव्हेंटिंगचे सुवर्णपदक मिळवले, त्यात ही परीक्षा असते.) तिथले बहुतेक अडथळे पक्के रोवलेले. पुढचे पाय अडकले तर घोडा कोलांटी खाऊन स्वारावरच पडतो. आणि चेकाळलेला घोडा, ओढाल तितका लगामावर रेलतो. त्याच्याशी रस्सीखेच कोण जिंकणार?

त्यापेक्षा खोगिरात ताठ बसावे, खांदे मागे घ्यावेत, क्षणभर लगाम आवळावा नि लगेच सैल करावा. पुन्हा आवळावा, पुन्हा सैल. हे सारे अडथळ्याच्या बरेच आधी. जवळ आल्यावर त्याची मान मोकळीच हवी, नाहीतर तो उडी घेणार कशी? तरीही ऐकत नसेल, तर दोन अडथळ्यांमधल्या मोकळ्या जागेत मोठे वर्तुळ घ्यावे. उशिराच्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंडगुण पडतात. पडेनात का!

घरात कॉलेजचे तोंड पाहिलेला मी पहिलाच. हे सारे पुस्तकात वाचून मी मोठ्या ऐटीत वडिलांना सांगितले.

"हे छापलंय होय?" एवढेच ते म्हणाले.