फॉरमॅट मारण्याआधी

दिवाळीला अंबड-परतूरला घरी गेलो, की रखडलेला कॉम्प्युटर आपल्याच गळ्यात पडतो. इंजिनीअर ना आपण! आणि आपण काय करतो? सरळ फॉरमॅट मारतो. माझ्या मते हा निव्वळ आळस आहे. ताईच्या लग्नाचे फोटो गेले तर परत कोण देणार? आधी ते पेनड्राइव्हवर घ्या. मग 'सी' ड्राइव्हवर डिस्क क्लीनअप. चालू मशीनची लाईट गेली की फाइल सिस्टिम बिघडू शकते, म्हणून एरर चेकिंगही करा. डीफ्रॅग शेवटी, तेही फिरत्या हार्ड डिस्कलाच. मिनिटाला ५४०० फेरे असले तरी तिथं हेडला फाइलचे विखुरलेले तुकडे गोळा करत हिंडावं लागतं. एसएसडीला हे दुखणंच नाही. डिस्क खटखट वाजत असेल तर मात्र फक्त डेटा काढा नि ती बदला.