शॉक लागून मेला तो गरीब, म्हणून चूकही त्याचीच?

पावसाळा आला की वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात एक बातमी ठरलेली असते : विजेच्या धक्क्याने मृत्यू. कुणी पत्र्याच्या भिंतीला टेकलेला असतो, कुणी तारेवर ओले कपडे वाळत घालत असते. वाचवायला धावलेला भाऊही अनेकदा सोबत जातो. एनसीआरबीच्या नोंदींनुसार देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे अशी मरतात. नोंद होते 'अपघाती मृत्यू' आणि कुजबुज होते, 'आकडा टाकला असेल!'

या कुजबुजीला सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच उत्तर दिले आहे. मध्य प्रदेशात पावसाच्या रात्री कारखान्यातून सायकलवर घरी निघालेला एक कामगार रस्त्यावर पडलेल्या जिवंत तारेने मेला. तार तिसऱ्याच कुणीतरी वीज चोरण्यासाठी टाकली होती, असे वीज मंडळ म्हणाले. न्यायालयाने ते ऐकले नाही. वीज ही धोकादायक वस्तू आहे, ती पुरवणाऱ्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा हा निकाल आहे. विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ नुसार अशा अपघाताची खबर देणे आणि विद्युत निरीक्षकाकडून चौकशी करवून घेणे, ही तरतूदही आहे. पण ती वस्तीत कितीजणांना ठाऊक आहे? पंचनामा आणि शवविच्छेदन न करताच अंत्यविधी उरकला, तर हक्काचा पुरावाही चितेवर जातो.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री असताना विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक वीज हा त्यांना दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा मार्ग वाटत होता. ती वीज आज आपल्या घरात आली, पण अर्थिंगशिवाय आली. मीटरजवळ गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवा, हे भाडेकरूला कुणी सांगत नाही.

हक्कासाठी लढायचेच आहे, पण त्याआधी माणूस जगला पाहिजे. कुणी विजेला चिकटला तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला दूर ढकला. हा उपाय फक्त घरातल्या विजेपुरता आहे. खांबावरची तार तुटून पडली असेल तर लाकूडही वाचवत नाही. किमान दहा मीटर लांब राहा, इतरांनाही अडवा आणि १९१२ वर कळवा. सुटलेला माणूस श्वास घेत नसेल तर ११२ ला फोन करून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. तो उठून बसला तरी दवाखान्यात न्याच, आतली इजा बाहेरून दिसत नाही.

जयंतीच्या मिरवणुकीत झेंड्याचा लोखंडी पाइप उंचावण्यापूर्वी वर तार आहे का ते पाहा. प्रत्येक बुद्धविहारात एका रविवारी हे प्रात्यक्षिक व्हावे. आणि त्याच दिवशी वस्तीतल्या लोंबत्या तारांचा लेखी अर्ज वीज कार्यालयात द्यावा, पोच घेऊनच परतावे. उद्या जबाबदारी झटकणाऱ्यांसमोर तीच पोच बोलेल.