मर्यादा २५ हजार झाली तर ईपीएस पेन्शन किती वाढेल? गणित करून बघू

"पगाराची मर्यादा २५ हजार होणार, पेन्शन वाढणार!" हा मेसेज नांदेड-लातूरच्या ग्रुपवर अधूनमधून फिरतो. तो सगळ्यात जास्त फॉरवर्ड करतात निवृत्तीला आलेले एसटी कर्मचारी आणि साखर कारखान्यांतले कामगार. पण नुसती मर्यादा वाढल्याने त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही.

एसटीतून निवृत्त झालेल्यांना सरकारी पेन्शन मिळते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात त्यांना कारखान्यातल्या कामगारांसारखीच ईपीएस-९५ ची पेन्शन मिळते. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के या योजनेत जातात, तेही जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर. म्हणजे महिन्याला १,२५० रुपये. पेन्शनचं सूत्र सोपं आहे: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०.

खरी मेख पुढे आहे. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी ही मर्यादा ६,५०० रुपये होती आणि त्याआधीची वर्षं आजही ६,५०० नेच मोजली जातात. समजा, लातूरजवळच्या कारखान्यातला एक फिटर सप्टेंबर २००६ मध्ये लागला आणि १८ वर्षांनी, ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. पगार कायम मर्यादेच्या वरच. त्याच्या पहिल्या ८ वर्षांचे होतात ७४३ रुपये, पुढच्या १० वर्षांचे २,१४३. एकूण २,८८६. सगळी वर्षं १५,००० ने मोजली असती तर ३,८५७ झाले असते. वर महागाई भत्ता नाही, त्यामुळे हा आकडा मरेपर्यंत तसाच.

आता मर्यादा २५,००० झाली आणि नियम हाच राहिला, असं धरा. त्यानंतर ५ वर्षांनी निवृत्त होणाऱ्याला जास्तीचे किती? ७१४ रुपये. जो आधीच निवृत्त झालाय, त्याला शून्य.

सरकारी बाजूचा युक्तिवाद असा, की त्या वर्षांत वर्गणीही ६,५०० वरच भरली गेली. हे खरं आहे. पण २००६ चा रुपया आजच्या रुपयाइतकाच धरायचा, हे मात्र पटत नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटीत जुनी कमाई देशातल्या पगारवाढीच्या प्रमाणात वाढवून मगच सरासरी काढतात. आपल्याकडे २०१४ मध्ये उलटंच झालं: सरासरी १२ ऐवजी शेवटच्या ६० महिन्यांची धरायला लागले.

किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. बुलढाण्याच्या कमांडर अशोक राऊत यांच्या नेतृत्वाखालचं पेन्शनरांचं आंदोलन किमान ७,५०० आणि महागाई भत्ता मागतंय. ७,५०० म्हणजे १५,००० ने मोजलेली तब्बल ३५ वर्षं. म्हणून आधीच निवृत्त झालेल्यांसाठी मर्यादेच्या बातमीपेक्षा किमान पेन्शन आणि महागाई भत्त्याची बातमी महत्त्वाची.

हंगामी कामगारांनी एक लक्षात ठेवा. पेन्शनसाठी १० वर्षं सेवा लागते आणि ती मोजताना हंगामात केलेलं काम पूर्ण वर्ष धरलं जातं. पासबुकात प्रत्येक हंगामाची नोंद आहे का, ते निवृत्तीआधीच बघून घ्या.