गच्चीवरचा अँटेना आणि पाण्याचा हिशेब

पाण्याच्या मीटरवरील आकडा टिपण्यासाठी माणसाने दारोदार फिरावे, ही पद्धत हळूहळू मागे पडत आहे. मीटरने आपला आकडा स्वतःच बिनतारी लहरींनी कळवावा आणि त्यावरून पाणीपट्टीचे बिल तयार व्हावे, अशी व्यवस्था महाराष्ट्रातील काही नगरपालिका व महानगरपालिका यांनी कमीअधिक प्रमाणात स्वीकारली आहे. या व्यवस्थेसाठी वसाहतीतील एखाद्या उंच इमारतीच्या गच्चीवर लहरी टिपणारा अँटेना बसवावा लागतो. तसा प्रस्ताव गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढे आला की सभासदांत दोन तट पडतात. एका पक्षाला त्यात प्रगती दिसते, तर दुसऱ्याला आरोग्याचा धोका आणि वाढीव पाणीपट्टीची चाहूल. दोन्ही पक्ष हिरीरीने बोलतात. परंतु ज्या प्रश्नावर खरोखर वाद व्हावयास हवा, तो बहुधा बाजूलाच राहतो.

प्रथम भीतीचा विचार करू. मीटरला जोडलेला प्रेषक हा लहानशा विद्युत्‌घटावर चालतो आणि तो घट कित्येक वर्षे पुरवावयाचा असतो. साहजिकच हा प्रेषक अहोरात्र बोलत नाही; ठराविक वेळाने क्षणभर आकडा सांगतो आणि गप्प बसतो. त्याची शक्ती वॅटच्या लहानशा अंशाइतकी असते. भारतात 865 ते 867 मेगाहर्ट्‌झ हा लहरींचा पट्टा अशा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी 2005 सालापासून परवानामुक्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने 2011 साली रेडिओलहरींचा समावेश ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात केला, हे खरे आहे. परंतु त्या निर्णयाच्या मुळाशी मुख्यतः कानाशी धरलेल्या मोबाईलचा विचार होता. अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. फाटकाजवळच्या पेटीतून क्षणभर निघणाऱ्या लहरींचे भय बाळगावयाचे आणि मोबाईल उशाशी घेऊन झोपावयाचे, यात सुसंगती नाही.

लाभाची बाजूही नीट पाहिली पाहिजे. महिन्यातून किंवा तिमाहीतून एकदा आकडा टिपणाऱ्या माणसाला गळती दिसत नाही. तासातासाला आकडा कळविणाऱ्या मीटरला ती दिसते. मध्यरात्रीनंतर सारी वसाहत निजलेली आणि टाक्या भरलेल्या असताना मीटर फिरतच राहिला, तर पाणी कोठेतरी वाया जात आहे, हे उघड आहे. मिनिटाला एक लिटर गळणारी नळी दिवसाला 1,440 लिटर पाणी घालविते. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला 135 लिटर हे प्रमाण सामान्यतः धरले जाते. म्हणजे या एका गळतीत दहा माणसांचे पाणी गेले. सातारा जिल्ह्यात कराडलगतच्या मलकापूरने 2009 च्या सुमारास चोवीस तास पाणी देण्याची योजना राबविली. तेथे घरोघर मीटर बसले आणि वापर वाढेल तसा दर वाढत जाईल, अशी आकारणी ठेवण्यात आली. मोजल्याखेरीज चोवीस तास पाणी देता येत नाही, हा त्या लहानशा गावाचा धडा मोठ्या शहरांनीही घेण्याजोगा आहे.

मात्र एक गोष्ट विसरता कामा नये. अँटेना हा निरोप्या आहे, साक्षीदार नव्हे. मीटर जो आकडा दाखवील तोच तो वाहून नेणार. मीटर चुकीचा असेल, तर पूर्वी महिन्याला एकदा होणारी चूक आता तासातासाला आणि अधिक आत्मविश्वासाने कचेरीत पोहोचेल. चांगल्या प्रतीच्या घरगुती मीटरमध्ये नेहमीच्या प्रवाहाला दोन टक्क्यांपर्यंत आणि अगदी मंद प्रवाहाला पाच टक्क्यांपर्यंत फरक मानकांनुसार चालतो. परंतु आपल्या बहुसंख्य शहरांत पाणी दिवसातून काही तासच येते. नळ्या रिकाम्या होतात, त्यांत हवा भरते आणि पाणी सुटताच ती हवा मीटरची चकती फिरवीत बाहेर पडते. ग्राहकाला न मिळालेल्या पाण्याचेही पैसे द्यावे लागतात, ही तक्रार केवळ कल्पनेतील नाही. पाणी अखंड यावे किंवा हवा बाहेर जाण्यासाठी झडप तरी असावी, एवढी अपेक्षा मीटर बसविणाऱ्यांकडून करणे रास्तच आहे.

दुसरी अडचण संस्थेच्या अंतर्गत व्यवहाराची आहे. बहुतेक सहकारी गृहनिर्माण संस्थांना एकच मोठा मीटर असतो आणि बिलाची रक्कम सदनिकांत समान वाटली जाते. दोन वृद्धांचे घर आणि सात माणसांचे घर यांना सारखीच पाणीपट्टी पडते. प्रत्येक सदनिकेला स्वतंत्र मीटर लावावा म्हटले, तर गच्चीवरील टाकीतून स्वयंपाकघर, न्हाणीघर व शौचालय यांसाठी निरनिराळ्या उभ्या नळ्या उतरलेल्या असतात. एका घराला तीन-चार मीटर लागतील. तेव्हा अँटेना बसला म्हणजे न्याय झाला, असे मानण्याचे कारण नाही. फाटकावरचा आकडा अचूक झाला, तरी फाटकाच्या आतली विषमता तशीच राहते. ती दूर करण्याचा विचार सभासदांनाच करावा लागेल.

तिसरा प्रश्न खाजगी जीवनाचा. घरोघरचा तासागणिक आकडा म्हणजे घर केव्हा जागे होते, केव्हा रिकामे असते, याची नोंदच होय. अशी शंका घेणाऱ्यांना आपल्याकडे वेडगळ ठरविले जाते. परंतु नेदरलँड्‌सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने 2009 साली, नेमक्या याच कारणावरून, विजेचे असे मीटर सक्तीचे करण्यास नकार दिला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि 2023 साली संसदेने वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा केला. आकडे किती दिवस ठेवणार, ते कंत्राटदाराच्या हाती किती जाणार, हे विचारण्याचा नागरिकाला पूर्ण अधिकार आहे.

या सर्वांचा मथितार्थ असा की अँटेनाला विरोध करू नये, पण अटी घातल्याशिवाय संमतीही देऊ नये. मीटरची तबकडी कोणाही सभासदास वाचता येईल अशी उघडी असावी, आणि बिलातील आकडा व तबकडीवरील आकडा यांत तफावत पडल्यास तबकडीवरचा आकडा प्रमाण मानावा. शंका आल्यास मीटरची तपासणी तटस्थ प्रयोगशाळेत करून मिळावी आणि दोष निघाल्यास तिचा खर्च ग्राहकावर पडू नये. रात्रीची गळती कळली, तर ती बिलाआधी संस्थेला कळवावी. यंत्राचा लाभ केवळ वसुलीला आणि तोटा मात्र ग्राहकाला, असे होऊ नये. गच्ची ही सर्व सभासदांची सामाईक जागा आहे. तेथे भोके पाडल्यावर जलरोधक थराची दुरुस्ती कोण करणार, उपकरणाला लागणारी वीज कोणाच्या खात्यावर पडणार, उंचावरच्या धातूच्या दांड्याला विजेपासून संरक्षण देणारी भूजोडणी असेल की नाही, हे ठरावात लेखी यावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मीटर वाचणारा कर्मचारी हा केवळ आकडे टिपणारा नव्हता. फुटलेली नळी, बंद पडलेला मीटर, वाढीव बिलाने धास्तावलेला निवृत्त शिक्षक, हे सारे कचेरीला त्याच्याकडूनच कळत असे. त्याच्या चुका व आळस यांची गाऱ्हाणी आपण पुष्कळ केली. पण दारात उभे राहून त्याच्याशी वाद घालता येत होता. अँटेनाशी तसा वाद घालता येत नाही. म्हणून या कर्मचाऱ्यांना घरी न बसविता गळती शोधण्याच्या आणि तक्रारी ऐकण्याच्या कामावर नेमणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

लोकशाहीत कर देणाऱ्याला हिशेब तपासता आला पाहिजे. आकडा तारेने आला, लहरींनी आला की वहीतून आला, हे गौण आहे. महिन्यातून एकदा तरी संस्थेच्या चिटणिसाने मीटरचे झाकण उघडून तबकडी वाचावी आणि तो आकडा सूचनाफलकावर लिहावा. कोणतेही खर्चिक उपकरण त्यासाठी लागत नाही, आणि हा रिवाज मोडला तर सर्वोत्तम अँटेनाही ग्राहकाच्या फारसा उपयोगी पडणार नाही.