जुन्या मोटारीला नवा गळा
(द्वितीय वर्ष, कला)

जुनी मोटार हौसेने जपणारी माणसे आपल्या भागात आजही आहेत. एखादी पद्मिनी किंवा अँबॅसिडर रस्त्यावरून गेली की म्हातारी माणसेसुद्धा मान वळवून पाहतात. पण त्या गाडीत गाणे लावायचे ठरले की मालक सरळ दुकान गाठतो. तेथे दरवाजाचा पत्रा गोल कापला जातो, डॅशबोर्डला खिडकी पडते आणि दोन तासांत काम उरकते. हे काम ज्याचे त्याने शिकून घेऊन, स्वतःच्या हाताने आणि मूळ पत्रा न कापता करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पत्र्याचे एवढे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. ज्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत उभे आहे, त्या वालचंद हिराचंद यांच्या प्रीमिअर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात ही फियाट बांधली. १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. आता नवी गाडी निघणार नाही. कापलेला दरवाजा कायमचाच कापलेला राहणार.

माझे वडील चौथी शिकलेले. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणे हा त्यांचा धंदा. गेल्या मे महिन्यात त्यांच्या हाताखाली एका पद्मिनीत मी हे काम केले. मागच्या काचेखालची मूळ फळी काढून घरात जपून ठेवली. तिच्याच मापाची प्लायवूडची फळी कापली आणि स्पीकर तिच्यात बसवले. प्लेअर डॅशबोर्डखाली, मूळच्याच स्क्रूंवर पट्टी अडकवून टांगला. उद्या मालकाला वाटले तर अर्ध्या तासात गाडी पूर्वीसारखी होईल.

विजेचे गणितही सोपे आहे. बारा व्होल्टवर १२० वॅट ओढायचे तर दहा अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या गाड्यांत अल्टरनेटरऐवजी डायनामो असे, आणि गाडी जागेवर उभी असताना तो जेमतेमच वीज देतो. मोठा अँप्लिफायर लावला की बॅटरी उतरणारच. ब्रिटिश घाटाच्या कित्येक जुन्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आजची यंत्रे त्याच्या उलट असतात. हे न पाहता तार जोडली तर गाणे लागण्याआधी यंत्र जळते. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा आणि पत्र्यातून जाणारी तार रबरी बुशातून न्यायला हवी. नाहीतर घासून शॉर्ट होते आणि आग लागते.

आता मिरजेच्या माणसाला जवळची गोष्ट सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ती ओढतो. या दोन लहरी एकमेकींना मारतात आणि खर्ज नाहीसा होतो. त्या वेगळ्या ठेवायला पेटी लागते. आपल्या सतारमेकर मंडळींना पोकळीचे महत्त्व पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नव्हे. फरक एवढाच की तंबोऱ्याचा भोपळा स्वतः बोलायला हवा आणि स्पीकरची पेटी मुकी हवी. जुन्या गाडीचा पत्रा मात्र फार बोलका! त्याला आतून जाड नमदा लावला की निम्मे काम फत्ते होते.

आमच्या वयाची मुले म्हणतील, एवढी कटकट करण्यापेक्षा आवाज वाढवला की झाले. मित्रहो, ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेबांचे वास्तव्य होते, त्या गावात आपण मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजावे काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रुग्णालयांनी भरलेल्या आपल्या मिरजेत ती पाळायला खरे तर नियमाचीही गरज पडू नये.

कारागिराच्या पोटावर पाय आणा, असे मी म्हणत नाही. माझ्या घरची चूल त्याच कामावर पेटते. न येणारी जोडणी जाणकाराला जरूर विचारावी आणि त्याचे पैसेही द्यावेत. पण आपल्या गाडीत काय चालले आहे, हे मालकाला कळायला हवे.

शेवटचा मुद्दा आमच्या घरातला, पण बऱ्याच घरांतला असावा. कॉलेजची पायरी चढणारा मी घरातला पहिला. 'बी. ए. करून पुन्हा हात काळेच करायचे का?' असे नातेवाईक विचारतात. वडीलही मला पक्कड हातात घेऊ देताना कचरतात. त्यांना वाटते, मुलगा शिकला म्हणजे या कामातून सुटला. मला तसे वाटत नाही. ओहमचा नियम मी पुस्तकात वाचला. वडिलांनी तो कधी वाचला नाही, पण तार किती जाड हवी हे ते हातात धरून सांगतात. ते ज्ञान आमच्या पिढीने लाजेपोटी टाकून दिले, तर शिकून आम्ही घरातलीच एक विद्या गमावली असे होईल. म्हणून माझे सांगणे एवढेच, की पदवी जरूर घ्यावी, पण पक्कड खाली ठेवू नये.