मेलेल्या जनावराची साक्ष कोण नोंदवणार?

मा. पशुसंवर्धन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना विजयदुर्गहून खुले पत्र

महोदय,

प्राण्यांवरच्या क्रौर्याचा विषय निघाला की सगळी चर्चा दंडापाशी येऊन थांबते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला 10 ते 50 रुपये दंड आहे आणि ही रक्कम लाजिरवाणीच आहे. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली जनावराला ठार मारणे, विष घालणे, जायबंदी करणे यासाठी 5 वर्षांपर्यंत कैद 1 जुलै 2024 पासून लागू आहे. शिक्षा कागदावर वाढली, पुरावा गोळा करण्याची व्यवस्था मात्र होती तिथेच राहिली. जनावर कशाने मेले हेच सांगता येत नसेल, तर 5 वर्षे काय आणि 50 रुपये काय?

आमच्या किनाऱ्याला मेलेले कासव किंवा डॉल्फिन लागते, तेव्हा अंगावरचा घाव जिवंतपणीचा की मेल्यावर जाळे सोडवतानाचा, यावर सगळे प्रकरण ठरते. जिवंत शरीरात घावाभोवती रक्त झिरपते आणि काही तासांत पांढऱ्या पेशी जमतात. हे पाहायचे तर तिथला तुकडा 10 टक्के फॉर्मलिनमध्ये जपून सूक्ष्मदर्शकाखाली तपासावा लागतो. फासकीत सापडलेल्या बिबट्याच्या जखमेलाही हेच लागू. विषाचा संशय असेल तर रीत उलटी: जठरातले अन्न, यकृत, मूत्रपिंड मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचे. ते चुकून फॉर्मलिनमध्ये गेले की विष शोधणेच अवघड होते. कोकणच्या उकाड्यात हे सारे काही तासांत उरकावे लागते, आणि ते करायचे कोणी? लसीकरण आणि कृत्रिम रेतनात दिवस घालवणाऱ्या पशुधन विकास अधिकाऱ्याने. त्यात उशीर झाला तर 1960 च्या कायद्याचे कलम 36 तयारच आहे: गुन्ह्याला 3 महिने उलटले की त्या कायद्याखाली खटला भरता येत नाही.

शवविच्छेदनाची ताकद या राज्याने पाहिली आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये यवतमाळात मारलेल्या अवनी वाघिणीचे शवविच्छेदन नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात झाले. ती अंगावर धावून आली या मारणाऱ्यांच्या सांगण्याला गोळीच्या जखमेच्या दिशेने छेद दिला, आणि भुलीचा डार्ट नंतर हाताने टोचल्याचा संशय राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मांडला. ती वाघीण होती, देशाचे लक्ष होते. गावच्या कुत्र्यासाठी, विष घातलेल्या म्हशीसाठी गोरेवाडा कुठून आणायचा?

वन्यप्राणी वनखात्याचे, असे सांगून हात झटकू नका. शवविच्छेदनाला वनखातेही तुमच्याच डॉक्टरला बोलावते. प्रयोगशाळांत माणसांचेच नमुने तुंबलेत, जनावरांचे कोण बघणार, हा आक्षेप समजतो. पण कुत्र्याला घातलेले विष वाडीतल्या पोराच्याही हाती लागू शकते. शिवाय नीट तपासणी निर्दोषालाही वाचवते: आधीच मेलेले कासव ज्याच्या जाळ्यात आले, त्या मच्छीमाराला ती आरोपातून सोडवील.

नवी इमारत मागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात न्यायवैद्यक शवविच्छेदनाचे प्रशिक्षण घेतलेला एक अधिकारी, मोहोरबंद नमुन्यांची पेटी, परळ किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील विकृतीशास्त्र विभागाशी लेखी करार आणि अहवालाला 30 दिवसांची मुदत, एवढे करा. सुरुवात आमच्या सिंधुदुर्गापासून करा, आणि तारीख जाहीर करा.

विजयदुर्गचा एक नागरिक