सुरुवात रेफर चिठ्ठीपासून करा : ओरोसच्या अधिष्ठात्यांना खुले पत्र

मा. अधिष्ठाता,
शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सिंधुदुर्ग,
सिंधुदुर्गनगरी (ओरोस)



2021 मध्ये आपल्या कॉलेजाला 100 जागांची परवानगी मिळाली, तेव्हा जिल्ह्याची फार वर्षांची आस पुरी झाली. तोवर पेशंट गंभीर झाला की गाडी गोव्यातल्या बांबोळीच्या नाहीतर कोल्हापूरच्या वाटेला लागायची. अजूनही लागते. मी सरकारी वॉर्डांत नोकरी करून निवृत्त झालेली परिचारिका आहे आणि हे पत्र त्या वाटेबद्दलच आहे. तुमच्या मुलांना रुग्णसुरक्षा शिकवायची, तर ती रेफर चिठ्ठीपासून शिकवा.

देवगड-मालवणच्या कातळावर फुरसे चावलेला माणूस घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, मग ओरोस, कधी पुढे बांबोळी. दर ठिकाणी नवा डॉक्टर, नवी सिस्टर. विषाने रक्त गोठेनासे झाले आहे का, हे वीस मिनिटांच्या चाचणीने कळते आणि सर्पविषावरच्या लसीचा (एएसव्ही) पुढचा डोस द्यायचा की नाही हे सहा तासांनी तीच चाचणी पुन्हा करून ठरते. म्हणजे पुढच्या डॉक्टरला हवी ती वेळ : साप कधी चावला, पहिली लस किती वाजता आणि किती व्हायल दिली, चाचणी कधी केली, रक्त गोठले का, लसीची रिअॅक्शन आली का. अशा किती चिठ्ठ्या माझ्या हातात आल्या, ज्यांवर एवढेच होते : ‘स्नेक बाइट, एएसव्ही गिव्हन, रेफर्ड फॉर फर्दर मॅनेजमेंट.’ लिहिणारा निष्काळजी नसतो. बाहेर अॅम्ब्युलन्स उभी असते, आत दुसरा पेशंट तळमळत असतो आणि छापील फॉर्मवर वेळ लिहायला रकानाच नसतो.

मग मुलांना हेच काम द्या. आलेल्या चिठ्ठ्या काढा, किती चिठ्ठ्यांवर लसीची वेळ आहे ते मोजा. रकाने असलेला फॉर्म करा, दोन ग्रामीण रुग्णालयांत वापरून पाहा, महिन्याने पुन्हा मोजा. आकडा हलला नाही तर का हलला नाही, हे तिथल्या सिस्टरला जाऊन विचारा. गुणवत्ता सुधारणा म्हणतात ती हीच, आणि त्याला मशीन लागत नाही की निधी.

त्याच चाचणीची नळी बघा. ती काचेची, कोरडी, स्वच्छ हवी. साबणाच्या पावडरीने धुतलेल्या नळीत चांगले रक्तही गोठत नाही. मग विष नसताना लस चढते, आणि त्या लसीची रिअॅक्शन जिवावर बेतू शकते. नळी कशी धुतली जाते, हे प्राध्यापकांना ठाऊक नसते. धुणाऱ्या मावशींना असते. त्यांना कोणी विचारत नाही. इन्सुलिनचेही तसेच. मिलिलिटरमागे 100 युनिटची बाटली आणि 40 ची लाल टोपीची सिरिंज एकत्र आली, तर डोस अडीचपट होतो. अशा गोष्टी भावी डॉक्टर, नर्सिंगच्या मुली आणि फार्मसीची मुले यांनी एकाच टेबलाशी बसून शिकायला हव्यात. जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये रुग्णसुरक्षेचा अभ्यासक्रम काढला, तो या सर्वांसाठी मिळूनच. आपल्याकडे वैद्यकीय अभ्यासक्रमात 2019 पासून वृत्ती, नीती आणि संवाद शिकवणारे ‘एटकॉम’ आले, तिथे यासाठी जागा आहे.

चुकीचे मूळ साखळीत शोधायचे, हेही शिकवा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 साली ग्लिसरीन घेतलेले 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्या. लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची साखळी उलगडून दाखवली. खाटेजवळ औषध पाजणाऱ्या हाताचा त्यात काय दोष? तरीही आपल्या दवाखान्यांत काही बिघडले की पहिला प्रश्न ‘ड्युटीवर कोण होते’ हाच. कारणे दाखवा नोटीस निघते ती बहुधा सर्वांत खालच्या माणसाला. मग थोडक्यात टळलेली चूक कोण सांगेल? चुकीचे इंजेक्शन टोचण्याआधी लक्षात आले, तर ते वॉर्डात सर्वांसमोर मांडता यायला हवे, आणि मांडणाऱ्या विद्यार्थ्याला शाबासकी मिळायला हवी. ही सवय अठराव्या-विसाव्या वर्षी लागली तर लागते. पुढे पदाची भीती आड येते.

आणखी एक. तुमची बरीच मुले बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. मालवणी म्हातारा ‘बरो आसंय’ म्हणतो तेव्हा तो बरा असतोच असे नाही. डॉक्टरला कशाला त्रास, म्हणून तो गप्प राहतो. गोळी बदलल्यासारखी वाटली तरी बोलत नाही. ‘आजोबा, काय वेगळे वाटले तर माका सांगा’ हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ हवे.

मुले परीक्षेत येते तेच वाचतात, हे आपण जाणताच. म्हणून इंटर्नशिपच्या लॉगबुकात बाळंतपणांच्या आणि टाक्यांच्या बरोबरीने प्रत्येकाने केलेली एक सुधारणा, आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांसह, नोंदवली जावी, ही माझी विनंती. 17 सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन. त्या दिवशी भाषणांऐवजी मुलांनी आपल्या चिठ्ठ्यांची मोजणी मांडावी, आणि ऐकायला ग्रामीण रुग्णालयांतल्या सिस्टर, अॅम्ब्युलन्सचे चालक आणि वॉर्डातल्या मावशी यांना पुढच्या रांगेत बसवावे. आम्ही निवृत्त परिचारिका जिल्ह्यात पुष्कळ आहोत. फॉर्म तयार करताना बोलवा, येऊ.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका,
कुडाळ तालुका